पांजरपोळ ते उरुळीकांचन : सुरतेच्या भाकड जनावरांची गोष्ट

सुरत म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर दोन सालं उभी राहतात, १६६४ आणि १६७०. आपल्या मंडळातही सुरतेचा विषय निघाला की गाडी वखारी, तटबंदी आणि वीरजी व्होरा यांच्यापासूनच सुटते. आज मी जरा वेगळीकडून सुरुवात करणार आहे. दुसऱ्या लुटीनंतर १९ वर्षांनी, म्हणजे १६८९ मध्ये, जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री जहाजाने सुरतेला आला. परत गेल्यावर १६९६ मध्ये त्याने आपलं प्रवासवर्णन छापलं. सुरतेत त्याला ज्या गोष्टींचं नवल वाटलं, त्यांत एक होता शहरापासून मैलभर अंतरावरचा दवाखाना. तो माणसांसाठी नव्हता. तिथे गायी, घोडे, शेळ्या, कुत्री अशी आजारी, लंगडी, म्हातारी जनावरं ठेवली जायची आणि त्यांचा खर्च इथले वाणी महाजन करायचे.

ओव्हिंग्टन पुढे सांगतो की कष्ट करून थकलेला बैल मालकाला नकोसा झाला, की कुणीतरी वाणी तो विकत घेऊन किंवा मागून आणतो आणि मरेपर्यंत इथे सांभाळतो. ढेकूण-पिसवांसाठीही शेजारी वेगळी जागा होती आणि त्यांना रक्त मिळावं म्हणून अधूनमधून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर झोपवत, असंही त्याने लिहिलंय. हा ढेकणांचा किस्सा इतका गाजला, की सुरतेच्या पांजरपोळीचं नाव काढलं की आजही लोक तोच सांगतात आणि हसतात. त्या हसण्यात मुख्य प्रश्न मात्र बाजूला राहतो. या पांजरपोळीत एवढी जनावरं येत का होती? आणि आजही का येतात?

मी पेशाने इंजिनियर. एखाद्या टाकीत पाणी सारखं वाढत असेल, तर आधी नळ कुठून येतोय ते बघायचं, ही आमची सवय. पांजरपोळीचा नळ शोधत गेलो आणि वाट सुरतेहून निघून थेट पुण्याजवळच्या उरुळीकांचनला पोचली. त्या वाटेची ही हकीकत.

पांजरपोळीच्या भिंती

ओव्हिंग्टननंतर जवळजवळ शंभर वर्षांनी जेम्स फोर्ब्स हा कंपनीचा नोकर पश्चिम हिंदुस्थानात होता. १८१३ मध्ये छापलेल्या त्याच्या आठवणींत सुरतेच्या या दवाखान्याचं वर्णन येतं. मोठं आवार, भोवती उंच भिंती आणि आत जनावरांसाठी वेगवेगळे चौक. आजारपणात काळजीने शुश्रूषा आणि म्हातारपणात निवारा. हे वेगवेगळे चौक लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्यांच्याकडे परत यायचंय. पुढे १८२३ मध्ये अलेक्झांडर बर्न्स इथे येऊन गेला आणि त्याचं टिपण १८३४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आलं.

१८३४ याच साली मुंबईतही पांजरपोळ सुरू झाली. दोन वर्षांपूर्वी सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला होता आणि त्यावरून शहरात मोठा दंगा झाला होता. त्यानंतर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी पुढाकार घेतला. म्हणजे मुंबईच्या भुलेश्वरातली ही संस्था दक्षिण गुजरातच्या जुन्या रिवाजाची धाकटी बहीणच म्हणायची.

पांजरपोळीत येणाऱ्या जनावरांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला म्हातारी आणि लंगडी जनावरं. दुसरा कसायाकडून सोडवून आणलेली. तिसरा गट प्रवासवर्णनांत वेगळा दिसत नाही, पण गुरं पाळणाऱ्या कुणालाही विचारा, तो लगेच सांगेल : भाकड. दिसायला धडधाकट, वयाने तरुण, चारापाणी नीट खाणारी, पण गाभण न राहणारी गाय किंवा म्हैस.

इथे एक खुलासा करतो. भाकड म्हणजे दूध न देणारं जनावर. विण्याआधी दोन महिने दूध आटवून म्हशीला विश्रांती देतात, तो भाकडकाळ चांगलाच असतो. दुखणं आहे ते लांबलेल्या भाकडकाळाचं. जनावर व्यालंच नाही तर दूध येणार कुठून? आणि दूध नसलेल्या जनावराला शेतकरी किती दिवस पोसणार?

मोजलं जाणारं मरण

एकोणिसाव्या शतकात सरकारचं लक्ष गुरांच्या आजाराकडे गेलं ते साथींमुळे. सगळ्यात भयंकर होती बुळकांडी. ताप, तोंडात फोड, पाण्यासारखी हगवण, आणि आठ-पंधरा दिवसांत गोठा रिकामा. १८७१ मध्ये गुरांच्या साथींवर नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. तिची सुरुवात कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात झाली, हे वाचून मला व्यक्तिशः फार गंमत वाटली. १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. साथीच्या जंतूंवर काम करायचं तर वस्तीपासून लांब आणि थंड जागा हवी होती. दरम्यान १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघालं, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या इस्पितळाला जोडून. तेव्हा सुरत जिल्हा मुंबई इलाख्यातच होता.

बुळकांडीचा शेवट आपल्याला माहीत आहे. १९५४ पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली, १९९५ नंतर भारतात एकही जनावर त्या रोगाने आजारी पडलं नाही आणि २०११ मध्ये हा रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा दुसराच रोग.

हे यश मोठंच आहे, पण त्यात एक गोष्ट लपते. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या या रोगांत जनावर मरतं. मेलेलं जनावर दिसतं, मोजता येतं, त्याचा आकडा सरकारदरबारी जातो. न फळणारी म्हैस मात्र दावणीला उभीच असते. ती कुठल्या तक्त्यात येत नाही. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग आला तेव्हा हेच पुन्हा दिसलं. गुजरात आणि महाराष्ट्रात रोज किती गायी दगावल्या ते वर्तमानपत्रांत येत होतं. त्याच रोगाने गाभडलेल्या आणि पुढे बरेच महिने माजावर न आलेल्या गायींची बातमी क्वचितच दिसली.

एकवीस दिवसांचा हिशोब

आता जरा आकडेमोड करू. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच आहे.

गाय किंवा म्हैस साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. माज टिकतो काही तास, फार तर एक दिवस. तेवढ्यात ती फळली नाही तर पुढचे २१ दिवस गेले. म्हशीचा गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा, आपले लोक म्हणतात तसे दहा महिने दहा दिवस. व्याल्यानंतर तीन महिन्यांत म्हैस पुन्हा गाभण राहिली, तर दोन वेतांतलं अंतर ९० अधिक ३१०, म्हणजे ४०० दिवस. शेतकऱ्याच्या नजरेतून पाच माज निसटले तर त्यात १०५ मिळवा. झाले ५०५ दिवस.

म्हैस चार वर्षांची असताना पहिल्यांदा व्याली आणि पुढे आठ वर्षं दावणीला राहिली असं धरू. आठ वर्षांचे २,९२० दिवस. त्याला ४०० ने भागलं तर सातावर थोडं येतं. ५०५ ने भागलं तर पावणेसहा. म्हणजे नुसते पाच-पाच माज चुकण्यापायी आयुष्यातलं दीड वेत गेलं. चारा तेवढाच लागला, मेहनत तेवढीच झाली, आणि कुठलाही रोग दिसला नाही.

हे ५०० दिवस मी हवेतून घेतलेले नाहीत. सुरती म्हशीच्या दोन वेतांतलं अंतर साधारण तेवढंच पडतं. या म्हशीच्या नावात सुरत असली तरी तिचं खरं घर मही आणि साबरमतीच्या मधला मुलूख, म्हणजे खेडा, आणंद, वडोदरा. विळ्यासारखी शिंगं, गळ्याखाली दोन पांढरे पट्टे, बांधा मध्यम, आणि दुधाला फॅट सात-आठ टक्के. पण माजाच्या बाबतीत ती गायीपेक्षा फार अबोल. गाय माजावर आली की हंबरते, दुसऱ्या गायींवर चढते. म्हैस बऱ्याचदा एवढंही करत नाही. तिच्या माजाची लक्षणं रात्री किंवा पहाटे दिसतात आणि उन्हाळ्यात तर जवळजवळ दिसतच नाहीत. याला आपल्याकडे मुका माज म्हणतात. फार चपखल शब्द आहे.

उष्ण मुलखाचा संबंध इथेच येतो. म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी. अंग थंड ठेवायला तिला पाणी लागतं, म्हणून ती डबक्यात बसते. तापीकाठच्या दमट उन्हाळ्यात सावली आणि पाणी नीट मिळालं नाही तर तिचं शरीर आधी स्वतःला वाचवतं, पिल्लाचा विचार मागे पडतो. म्हणूनच बहुतेक म्हशी पावसाळ्यापासून थंडीच्या सुरुवातीपर्यंत वितात आणि उन्हाळ्यात दूध महागतं. त्यात हिरवा चारा कमी आणि खनिजांची उणीव असेल, तर पारडी तीन वर्षांची झाली तरी माजावर येत नाही. मग शेतकरी म्हणतो, हिच्या नशिबातच नाही.

पांढऱ्या पायाची म्हैस

नशिबावरून एक घरची गोष्ट सांगतो. माझे मामा खानदेशात शेती करायचे. मी कॉलेजात असताना त्यांच्या एका म्हशीने सातव्या-आठव्या महिन्यात गर्भ टाकला, म्हणजे ती गाभडली. वार पडली नाही, अडकून राहिली. मामांनी गावातल्या एका जाणत्या माणसाच्या मदतीने ती हाताने ओढून काढली. साबणाने हात धुतले आणि विषय संपला. त्या पावसाळ्यात गोठ्यातली दुसरी म्हैसही गाभडली. मामी म्हणाल्या, "ही पांढऱ्या पायाची आहे, विकून टाका." मामांनी पहिली म्हैस बाजारात नेऊन विकली. गिऱ्हाईकाला अर्थातच काही सांगितलं नाही.

तीन-चार महिन्यांनी मामांना ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, रात्री घाम येऊन उतरायचा. कंबर आणि सांधे धरले. मलेरियाची औषधं झाली, मग टायफॉइडची, मग संधिवाताची. वर्षभर हे चाललं. शेवटी एका डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरी गुरं आहेत का? एवढ्यात कुठली गाभडली होती का?" रक्ताची तपासणी झाली आणि त्या आजाराचं नाव घरात पहिल्यांदा ऐकू आलं : ब्रुसेलोसिस.

या जंतूचा इतिहास मोठा आहे. १८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरला तापाने मेलेल्या सैनिकांत तो सापडला. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी दाखवलं की तो शेळीच्या दुधातून येतो. १८९७ मध्ये डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांना गाभडलेल्या गायींत असाच जंतू मिळाला होता. हे दोन्ही एकाच घरातले आहेत, हे १९१८ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलिस इव्हान्स यांनी सांगितलं, तेव्हा बरेच दिवस कुणी विश्वास ठेवला नाही.

गाभण जनावराच्या वारेत हा जंतू मुबलक वाढतो. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर गर्भ पडतो, वार अडकते, पुढे गर्भाशय सुजून जनावर उलटायला लागतं, म्हणजे भरवलं तरी गाभण न राहता पुन्हा पुन्हा माजावर येतं. पडलेला गर्भ, वार, अंगातून जाणारा स्राव, सगळ्यात जंतू. दुसऱ्या जनावराने ते चाटलं किंवा त्याने बाटलेला चारा खाल्ला की रोग पुढे जातो. माणसाला तो कच्च्या दुधातून आणि उघड्या हातांनी वार काढताना लागतो. आपल्याकडे दूध उकळून प्यायची चाल आहे, तिने आपल्याला फार वाचवलंय. उकळल्यावर हा जंतू टिकत नाही. पण गोठा झाडणारी बाई, गुराखी, वार काढणारा माणूस आणि स्वतः पशुवैद्य यांना ते संरक्षण मिळत नाही.

मामांचं अपराधीपण वेगळंच होतं. आजार बरा झाल्यावर ते एकदा म्हणाले, "ती म्हैस ज्याने घेतली, त्याच्या गोठ्याचं काय झालं असेल रे?" त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. त्यांनी ती विकली नसती आणि पांजरपोळीत सोडली असती, तरी प्रश्न तोच राहिला असता. फक्त गोठा बदलला असता.

गावचा वळू

मामांच्या गोठ्यातला जंतू वारेतून पसरला. पण न फळण्याच्या सगळ्याच दुखण्यांची वाट ती नसते. काही रोग थेट समागमातून पसरतात आणि तिथे गावच्या वळूकडे बघावं लागतं. ट्रायकोमोनिआसिस आणि कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग असे दोन रोग आहेत, की वळूला काहीच होत नाही. तो दिसायला तगडा, नवसाचा, गावभर मोकळा फिरणारा. पण त्याने फळवलेल्या गायीत गर्भ पहिल्या काही आठवड्यांतच विरतो आणि गाय पुन्हा माजावर येते. शेतकऱ्याला वाटतं, गायच वांझ. एक वळू असा अख्ख्या गावाच्या गायी भाकड ठेवू शकतो.

वळूवर नियंत्रण हवं हे मुंबई सरकारला उमगलं होतं. १९३३ मध्ये मुंबई इलाख्यात पशुधन सुधारणेचा कायदा झाला, त्यात नापसंत वळूंचं खच्चीकरण करायची तरतूद होती. पण वाईट वळू काढला तर चांगला आणायचा कुठून? एक चांगला वळू वर्षाला किती गायींना पुरणार?

याचं उत्तर कृत्रिम रेतनात होतं. भारतात १९३९ मध्ये म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर संपत कुमारन यांनी ते करून दाखवलं. १९४३ मध्ये अलाहाबादच्या कृषी संस्थेत अशा पद्धतीने म्हशीचं पहिलं पारडू जन्मलं. तेव्हा वीर्य बर्फात ठेवत, ते दोन-तीन दिवसच टिके. तालुक्याच्या दवाखान्यात वीर्य आहे आणि म्हैस १२ मैलांवर माजावर आलीय, अशी सगळी रड. माज काही तासांचा. म्हैस चालवत दवाखान्यात न्यायची तर तो निघून जाणार, डॉक्टरने गावात यायचं तर वीर्य नासणार.

कोसमाड्याचे मणिभाई

इथे सुरत परत गोष्टीत येते. सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी २७ एप्रिल १९२० रोजी मणिभाई भीमभाई देसाई यांचा जन्म झाला. घर सधन शेतकऱ्याचं, शिक्षण विज्ञानाचं. १९४२ च्या चळवळीत ते तुरुंगात गेले आणि पुढे गांधीजींकडे सेवाग्रामला पोचले. मार्च १९४६ मध्ये गांधीजी निसर्गोपचारासाठी पुण्याजवळच्या उरुळीकांचनला राहिले. ते गेले, पण २५ वर्षांचे मणिभाई मागे राहिले. हे गाव उभं करीन, इथेच राहीन, असा शब्द त्यांनी गांधीजींना दिला होता. तो त्यांनी १४ नोव्हेंबर १९९३ ला मरेपर्यंत पाळला.

मणिभाई पशुवैद्यक शिकलेले नव्हते. गाय ते उरुळीच्या आश्रमात, गोठ्यात उभं राहून आणि पुस्तकं वाचून शिकले. गीर गायींचा कळप त्यांनी जोपासला. माझ्यासारख्या स्वतःच शिकलेल्या माणसाला यात फार धीर वाटतो. १९६७ मध्ये त्यांनी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे 'बायफ' ही संस्था काढली. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गोरक्षण म्हणजे म्हाताऱ्या गायीला आसरा देणं, ही सुरतेची जुनी रीत. कोसमाड्याच्या या माणसाने तोच विचार दुसऱ्या टोकाने धरला. गाय वेळेवर गाभण राहिली, दूध दिलं, तर शेतकरी तिला सोडणारच नाही. पांजरपोळ टाकीतलं पाणी उपसत होती, मणिभाई नळाकडे गेले.

त्यांच्या हाताशी आलेलं साधन होतं गोठवलेलं वीर्य. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं होतं की वीर्यात ग्लिसरॉल मिसळलं तर ते गोठवूनही शुक्रजंतू जिवंत राहतात. आधी ते मरायचे, कारण गोठताना पाण्याचे काटेरी स्फटिक होतात आणि पेशी फाटते. ग्लिसरॉल ते फाटणं आवरतं. मग उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये वीर्य वर्षानुवर्षं राहतं. एका मात्रेची कांडी पाव मिलिलिटरची, तिच्यात साधारण २ कोटी शुक्रजंतू. वळूच्या एका वेळच्या वीर्यातून अशा दोन-तीनशे मात्रा होतात.

पण तंत्र तर सरकारी दवाखान्यांतही आलं. बायफने उलट काय केलं, तर गाय दवाखान्यात आणायची पद्धत मोडली. नायट्रोजनचं भांडं मोटरसायकलला बांधून प्रशिक्षित माणूस शेतकऱ्याच्या दारात जायला लागला. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवायचं, हा नियम आता पाळता यायला लागला. दावणीला उभ्या गायीची तपासणी तिथेच, गाभण आहे का ते दोन-तीन महिन्यांनी तिथेच बघायचं, आणि वहीत लिहायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर सारा प्रश्न यंत्राचा नव्हताच, शेवटच्या १२ मैलांचा होता.

पुढे या संस्थेचं काम दक्षिण गुजरातेतही गेलं, वांसद्याच्या आदिवासी गावांत. उरुळीला गेलेला सुरतकर असा फिरून आपल्या मुलखात आला.

नफ्यासोबतचा तोटा

हे सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. गीर किंवा गावरान गायीला होल्स्टीन, जर्सीच्या वीर्याने भरवून संकरित कालवडी झाल्या, दूध वाढलं. पण या गायींना आपला उन्हाळा झेपत नाही, गोचीडतापाने त्या पटकन आडव्या होतात, आणि ऊन वाढलं की त्याही उलटायला लागतात. संकरित गोऱ्ह्याला औताला कुणी घेत नाही, मग तो रस्त्यावर नाहीतर पांजरपोळीत. म्हणजे एक नळ बारीक केला आणि दुसरा थोडा उघडला, असंही झालं. अलीकडे कालवडच व्हावी म्हणून लिंग निवडलेलं वीर्य मिळतं, ते याच दुखण्यावरचं औषध आहे.

दुसरा धोका कृत्रिम रेतनाच्या आतच आहे. रोगट वळू गावात असला तर एक गाव बुडतं. रोगट वळूचं वीर्य कांड्यांत गेलं तर शेकडो गावं. म्हणून वीर्य केंद्रावर येणारा वळू आधी वेगळा ठेवतात आणि क्षय, जोन्स, ब्रुसेलोसिस, ट्रायकोमोनिआसिस, कॅम्पिलोबॅक्टर यांच्या तपासण्या झाल्याशिवाय आत घेत नाहीत. या तपासण्या नेमाने झाल्या तरच समागमातून पसरणारे रोग तुटतात. भरवणाऱ्याचा हात अस्वच्छ असेल किंवा नळी दांडगाईने घातली, तर गर्भाशयाला नवी इजा होते ती वेगळीच.

पुन्हा पांजरपोळीच्या भिंतींकडे

ब्रुसेलोसिसचं काय? युरोपातल्या अनेक देशांनी तपासणी करायची आणि रोगी जनावर मारायचं, असं करून तो घालवला. आपल्याकडे गायीच्या बाबतीत तो मार्ग नाही. उरतात दोन मार्ग : लस आणि वेगळं ठेवणं. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेहून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात लाळ्या-खुरकुतासोबत ब्रुसेलोसिसही आहे. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदा लस द्यायची. नराला आणि गाभण जनावराला ती देत नाहीत. म्हणजे आजची कालवड वाचेल. पण आधीच रोग घेऊन उभी असलेली गाय लसीने बरी होत नाही.

ती गाय जाणार कुठे? बाजारात, नाहीतर पांजरपोळीत. सुरतेच्या महाजनांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी घालून दिलेली रीत म्हणते, आलेल्या जनावराला नाही म्हणायचं नाही. ती रीत मोलाची आहे. पण गाभडलेली गाय न विचारता आत घेतली, गाभण गायींशेजारी बांधली आणि तिथला गोपाळ उघड्या हाताने वार उचलू लागला, तर दयेच्या जागी रोगाचं आगर तयार होतं. तीच गाय वेगळ्या चौकात राहिली, तिचा चारापाणी वेगळा, पडलेला गर्भ आणि वार चुना टाकून खोल पुरली, हात लावणाऱ्याने हातमोजे घातले, तर तीच पांजरपोळ रोगाला अडवणारा बांध ठरते. फोर्ब्सने सांगितलेले ते उंच भिंतींतले वेगवेगळे चौक इथेच उपयोगाचे. वास्तू जुनी आहे, वापर आज करायचाय.

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. रोज बंगाल नावाची एक तपासणी आहे. काचपट्टीवर रक्तजलाचा एक थेंब आणि गुलाबी द्रवाचा एक थेंब मिसळायचा, चार मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर संशय धरायचा आणि पुढची तपासणी करायची. जनावर दाखल करताना वहीत दोन रकाने वाढवायचे : किती वेळा व्याली आणि कधी गाभडली. देणाऱ्याला ते विचारायचं, लाजायचं कारण नाही.

आपण इतिहासाची आवड असलेली माणसं. जुन्या वह्या-दफ्तरं हाताळताना आपण नेहमी हळहळतो की त्या काळच्या कारकुनाने अमुक लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. आपल्यापैकी कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या गोशाळेला, पांजरपोळीला वर्गणी देतात. पुढच्या वेळी पावती घेताना हे दोन रकाने आहेत का, एवढं विचारून बघा. मामांच्या म्हशीबद्दल तेव्हा बाजारात कुणीतरी एवढंच विचारलं असतं, तर पुढचा गोठा कदाचित वाचला असता.